मार्व्हलचं सिव्हिल वॉर वाचायचंय? शंभर अंकांतून वाट कशी काढायची

कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर हा पिक्चर बघितला, आवडला, आता मूळ कॉमिक वाचू म्हणून शोधायला बसलं की आधी सात अंकांची एक मालिका दिसते आणि जीव भांड्यात पडतो. मग तिच्याभोवतीचे टाय-इन, म्हणजे त्याच कथेला जोडलेले दुसऱ्या मालिकांचे अंक, दिसायला लागतात, स्पायडर-मॅनचे सात, फँटॅस्टिक फोरचे सहा, वुल्व्हरिनचे सहा, फ्रंट लाइनचे अकरा, असं करत करत आकडा शंभराच्या आसपास जातो. नेटवर याद्या भरपूर मिळतात, पण बहुतेक याद्या हे सगळे अंक तारखेने नाहीतर कथेतल्या काळाने एकामागोमाग लावून देतात आणि नवीन माणूस तशी यादी धरून बसला की थोड्याच वेळात थकतो, कारण दर वीस-बावीस पानांनी हिरो बदलतो, चित्रकार बदलतो, लेखकाचा सूर बदलतो आणि कुठलीच गोष्ट मनात बसत नाही. मला ही इव्हेंट मनापासून आवडते आणि लोक ती अर्ध्यात सोडतात याचं वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं असं की क्रम तारखेवरून लावायचाच नाही. कुठला अंक कुठली गोष्ट पहिल्यांदा उघड करतो त्यावरून लावायचा, आणि आलटून पालटून फक्त तेवढेच अंक वाचायचे ज्यांच्यात कथा खरोखर एका मालिकेतून दुसरीत जाते. बाकीचं सगळं सलग वाचायचं, एक मालिका पूर्ण केली की मग दुसरी. हे कसं करायचं ते खाली आहे आणि शेवटी माझा तयार क्रमही आहे. कथेचे मोठे धक्के मी फोडणार नाहीये, पहिल्या अंकाची सुरुवात तेवढी सांगावी लागेल.

पायरी १: क्रॉसओव्हर कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

सगळे क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मालिकांना जोडणाऱ्या कथा, एकसारखे बांधलेले नसतात आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. काहींमध्ये एकच कथा अनेक मालिकांमधून फिरते आणि प्रत्येक अंक म्हणजे एक प्रकरण असतं. एक्स-मेनचं मेसाया कॉम्प्लेक्स, २००७-०८ चं, हे अगदी असं आहे, एक वन-शॉट (म्हणजे एकच सुटा अंक) आणि मग चार मालिकांचे तीन-तीन अंक, एकूण तेरा प्रकरणं. तिथे डोकं चालवायची गरजच नाही, प्रकरणांच्या नंबराने जायचं, एकही गाळायचं नाही. दुसरी जात म्हणजे आधी छोट्या मालिका आणि मग मोठी. २००६ चं अ‍ॅनायहिलेशन असं आहे, प्रोलॉग वाचा, मग नोव्हा, सिल्व्हर सर्फर, सुपर-स्क्रल आणि रोनन यांच्या चार-चार अंकांच्या मालिका कुठल्याही क्रमाने वाचा, मग मुख्य सहा अंक. तिसरी जात दोन रुळांची, डीसी या दुसऱ्या कॉमिक कंपनीचं ब्लॅकेस्ट नाइट घ्या, मुख्य मालिका जितकी महत्त्वाची तितकेच ग्रीन लँटर्नचे ४३ ते ५२ हे अंक, ते बाजूला ठेवून मुख्य मालिका वाचली तर मधलं बरंच काही हवेत राहतं.

सिव्हिल वॉर चौथ्या जातीचं आहे. मधे सात अंकांचा एक कणा, लेखक मार्क मिलर, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन, आणि भोवती टाय-इनचा घेर. कण्यातले सात अंक एकटे वाचले तरी गोष्ट समजते, काय घडलं ते सगळं त्यात आहे. पण का घडलं, कोण आतून कसा बदलला, हे बऱ्याचदा टाय-इनमध्ये आहे. म्हणून इथे प्रश्न एवढाच की कण्याला काय काय जोडायचं आणि नेमकं कुठे.

पायरी २: हातात घेतलेलं पुस्तक बरोबर आहे का बघा

हे किरकोळ वाटेल पण इथे पैसे वाया जातात. सिव्हिल वॉर याच नावाने तीन वेगळ्या मालिका आहेत. आपल्याला हवी ती २००६-०७ ची, मिलर आणि मॅकनिव्हनची, सात अंकांची. २०१५ मध्ये सीक्रेट वॉर्स ही दुसरी इव्हेंट चालू असताना चार्ल्स सोलने लिहिलेली पाच अंकांची एक सिव्हिल वॉर आली, ती "ते युद्ध कधी थांबलंच नसतं तर" अशा वेगळ्या जगात घडते. आणि २०१६ मध्ये पिक्चरच्या सुमारास सिव्हिल वॉर टू आली, त्यात भांडण वेगळंच आहे, भविष्य दिसणाऱ्या माणसाच्या भरवशावर गुन्हा घडायच्या आधीच पकडायचं का यावरून. पुस्तक ऑर्डर करताना लेखकाचं नाव आणि आत कुठले अंक आहेत ती ओळ वाचा, फक्त कव्हर बघून घेऊ नका.

आणि "सिव्हिल वॉर" असं नुसतं नाव असलेल्या साध्या पेपरबॅकमध्ये कण्याचे सात अंकच असतात. स्पायडर-मॅन, वुल्व्हरिन, फ्रंट लाइन यांची पुस्तकं वेगळी. खरं म्हणजे आपल्या पद्धतीला हे सोयीचंच आहे. सुटे अंक डिजिटलवर, मार्व्हल अनलिमिटेड ॲपवर वगैरे वाचणार असाल तर तिथेही मालिकेच्या नावाने शोधा, नुसतं "सिव्हिल वॉर" टाकलं तर तिन्ही मालिका आणि सगळे टाय-इन एकत्र समोर येऊन गोंधळ होतो.

पायरी ३: खेळ सुरू व्हायच्या आधी कोण कुठे आहे

पिक्चरवरून आलेल्या माणसाला पहिल्या अंकातच प्रश्न पडतात. थॉर कुठाय? हल्क कुठाय? एवढे एक्स-मेन आहेत ते काय करतायत? याची उत्तरं आधीच्या दोन वर्षांच्या कॉमिकमध्ये आहेत, पण त्यासाठी ते सगळं वाचायची गरज नाही, एवढं माहीत असलं तरी पुरे.

थॉर २००४ पासून नाहीये, ॲव्हेंजर्सची जुनी टीम मोडली त्या सुमारास अ‍ॅसगार्डचा अंत झाला त्यात तो गेला. हल्कला टोनी स्टार्क (आयर्न मॅन), रीड रिचर्ड्स (फँटॅस्टिक फोरचा प्रमुख) आणि आणखी काही बड्या लोकांनी गुपचूप ठरवून अंतराळात पाठवून दिलंय, हे ठरवणं न्यू ॲव्हेंजर्स: इल्युमिनाटी या वन-शॉटमध्ये दिसतं आणि पुढे तिकडे त्याचं काय होतं ते प्लॅनेट हल्कमध्ये. एक्स-मेनचं म्हणजे २००५ च्या हाउस ऑफ एममध्ये स्कार्लेट विचने जगातले बहुतेक सगळे म्यूटंट, म्हणजे जन्मतः शक्ती असलेले लोक, एका क्षणात साधी माणसं करून टाकली, उरले ते जेमतेम दोनशे, आणि ते आपल्या आवारात सरकारी पहाऱ्यात आहेत, त्यामुळे दुसऱ्यांच्या भांडणात पडायची त्यांची ना इच्छा आहे ना ताकद. निक फ्युरी आता शील्ड या गुप्तचर संस्थेत नाही, त्याच्या जागी मारिया हिल आहे आणि तिचा स्वभाव वेगळा आहे, कॅप्टन अमेरिकाशी तिचं पहिल्याच अंकात वाजतं ते त्यामुळेच.

अजून एक, हे कुणी सांगत नाही आणि मग लोक चक्रावतात. या इव्हेंटमध्ये डेअरडेव्हिलच्या ड्रेसमध्ये जो दिसतो तो मॅट मर्डॉक नाहीये. मॅट तेव्हा स्वतःच्या मालिकेत तुरुंगात आहे, ड्रेस घालून फिरतोय तो डॅनी रँड, म्हणजे आयर्न फिस्ट. हे आधी माहीत असलं की त्याची वाक्यं नीट कळतात.

आणि पिक्चरमधला करार विसरून जा. तिथे भांडण टीमवर कुणाचा ताबा असावा यावर होतं. कॉमिकमधला कायदा म्हणजे सुपरह्यूमन रजिस्ट्रेशन ॲक्ट, शक्ती असलेल्या प्रत्येकाने सरकारकडे खरं नाव नोंदवायचं, ट्रेनिंग घ्यायचं, सरकारसाठी काम करायचं, नाहीतर गुन्हेगार. टोनी या कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. इथे मुखवटा हाच मुद्दा आहे आणि ज्यांच्या घरी बायको, म्हातारी काकू, लहान मूल आहे त्यांच्यासाठी तो किती मोठा आहे हे लक्षात ठेवून वाचलं तर स्पायडर-मॅनचे अंक आपोआप पोटात शिरतात.

पायरी ४: कणा आखून घ्या

आता एक कागद घ्या, फोनमधलं नोट्सही चालेल, आणि १ ते ७ नंबर उभे लिहा. प्रत्येक अंकासमोर वाचता वाचता एक ओळ लिहायची, या अंकात पहिल्यांदा काय उघड झालं. बस. ही ओळ लिहिणं हीच सगळी पद्धत आहे, कारण पुढे कुठलाही टाय-इन हातात आला की एवढंच विचारायचं, हा अंक यातलं काय गृहीत धरतो? जे गृहीत धरतो ते ज्या अंकात उघड झालं त्याच्यानंतर तो वाचायचा.

हे कळायला पूर्ण टाय-इन वाचावा लागत नाही. त्या काळातल्या मार्व्हलच्या अंकांना सुरुवातीला एक रिकॅप पान असायचं, आत्तापर्यंत काय झालं त्याचं. ते वाचा. त्यात जर असं काही असेल जे तुम्ही अजून वाचलेलं नाही तर अंक लगेच बंद करून बाजूला ठेवा. पुस्तकरूपात कधी कधी ही पानं काढून टाकतात, तेव्हा पहिली दोन-तीन पानं बघा, त्यातही बहुतेक कळतंच. कव्हरवर मात्र विश्वास नको, आणि कव्हरं आधी चाळत बसू नका, मार्व्हलची कव्हरं धक्के सर्रास फोडतात.

तारखेचं का नको ते इथेच सांगते. एक तर अंकावर छापलेला महिना हा विक्रीचा महिना नसतो, पहिल्या अंकावर जुलै २००६ आहे आणि तो बाजारात आला मे मध्ये, त्यामुळे कुणी छापील महिन्याने यादी केली, कुणी विक्रीच्या तारखेने, की दोन याद्या जुळत नाहीत. दुसरं म्हणजे ही मालिका मधेच लांबली, चौथा अंक ऑगस्टऐवजी सप्टेंबरमध्ये आला, पाचवा नोव्हेंबरमध्ये, आणि सातवा यायला फेब्रुवारी २००७ उजाडला. मॅकनिव्हनच्या जागी दुसरा चित्रकार न बसवता त्याला वेळ दिला गेला, आणि सात अंक बघितल्यावर मला तो निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो, पण त्यापायी काही टाय-इनही अडकून राहिले आणि त्यांच्या तारखा पुढेमागे झाल्या. म्हणजे तारखेचा क्रम हा लेखकांच्या मनातला क्रम नाहीच, छपाईच्या अडचणींमधून तयार झालेला क्रम आहे.

अजून एक नियम, हा फार उपयोगाचा आहे. टाय-इन उशिरा वाचला तर बिघडत नाही, लवकर वाचला तर बिघडतं. शंका आली की मागे ढकला. याला अपवाद फक्त स्पायडर-मॅनच्या अंकांचा, त्यातल्या काहींची मजा वेळेवर वाचण्यातच आहे.

पायरी ५: माझा क्रम

तीन फेऱ्या. पहिली सगळ्यांसाठी, दुसरी आवडलं तर, तिसरी ज्याची त्याची आवड.

पहिली फेरी अशी. सुरुवात न्यू ॲव्हेंजर्स: इल्युमिनाटी या वन-शॉटने, कारण एका खोलीत बसलेले सहा मोठे लोक आणि त्यांच्यातली फूट हे पुढच्या सगळ्याचं बी आहे. मग अमेझिंग स्पायडर-मॅन ५२९ ते ५३१, यात पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, टोनी स्टार्कच्या पंखाखाली येतो, नवीन लाल-सोनेरी सूट मिळतो, त्याच्याबरोबर वॉशिंग्टनला जातो. हे तीन अंक वगळू नका. पुढे पीटर जो निर्णय घेतो तो या तीन अंकांशिवाय मूर्खपणा वाटतो, आणि हे वाचल्यावर वाटतं की आपणही त्याच्या जागी असतो तर बहुतेक हेच केलं असतं. जुन्या रोड टू सिव्हिल वॉर या पुस्तकात हे सगळं एकत्र आहे, वर फँटॅस्टिक फोर ५३६-५३७ पण आहेत, थॉरच्या हातोड्याबद्दलचे, ते वाचले तर उत्तम, नाही वाचले तर पहिल्या फेरीत काही अडत नाही.

मग सिव्हिल वॉर १. कनेक्टिकटमधलं स्टॅमफर्ड गाव, न्यू वॉरियर्स नावाची तरुण टीम टीव्हीच्या रिअ‍ॅलिटी शोसाठी गुंडांच्या घरावर धाड घालते, त्यातला नायट्रो स्वतःचा स्फोट करतो आणि जवळच्या शाळेसकट सहाशेच्या वर माणसं जातात. हा अंक सावकाश वाचा. मॅकनिव्हनने स्फोटानंतरची जी पानं काढलीत त्यातली धूळ, ढिगारे आणि त्यात उभे असलेले हिरो, त्यांचे चेहरे, यावरच पुढचं अर्धं भांडण उभं आहे. कुणाची बाजू बरोबर हे ठरवायची घाई करू नका, मेलेल्या मुलाची आई टोनीला जे बोलते ते शांतपणे ऐका, मग कॅपचं, म्हणजे कॅप्टन अमेरिकाचं, ऐका.

त्यानंतर अमेझिंग स्पायडर-मॅन ५३२ आणि लगेच, त्याच बैठकीत जमलं तर, सिव्हिल वॉर २. मधे काहीही घालू नका. ५३२ मध्ये पीटर घरी बायको मेरी जेन आणि मे काकूशी बोलतो आणि २ च्या शेवटच्या पानावर त्याचा परिणाम दिसतो, पूर्ण इव्हेंटमधली मला सगळ्यात आवडती जोडणी ही आहे. मग ५३३, जो त्या शेवटच्या पानानंतर पुढे चालू होतो.

इथे न्यू ॲव्हेंजर्स २१ आणि २२ घाला. २१ कॅपचा, २२ ल्यूक केजचा. २२ साठी तर मी कुणालाही आग्रह करीन, कायदा लागू व्हायच्या रात्री ल्यूक हार्लेममध्ये आपल्या घरात बसलाय आणि बारा वाजायची वाट बघतोय. कायद्याच्या विरोधात असणं म्हणजे काय हे मुख्य मालिकेत कॅप भाषणातून सांगतो, इथे एक काळा माणूस आपल्याच घराच्या दारात ते भोगतो, लेइनिल यूची चित्रंही तशीच जड, सावल्यांनी भरलेली आहेत.

सिव्हिल वॉर ३, मग स्पायडर-मॅन ५३४, मग सिव्हिल वॉर ४. चौथ्यानंतर थांबा. खरंच थांबा, एक दिवस जाऊ दे. इथून पुढे सगळ्यांचे सूर बदलतात आणि चौथ्यात जे होतं ते पचायला वेळ लागतो.

नंतर स्पायडर-मॅन ५३५ आणि सिव्हिल वॉर ५ हे दोन पाठोपाठ, कारण ५३५ जिथे संपतो त्याचाच पुढचा भाग ५ च्या सुरुवातीला आहे आणि ५३६ मध्ये तोच प्रसंग पीटरच्या बाजूने परत येतो. तो दोनदा वाचायला कंटाळा येईल असं वाटतं पण येत नाही, कारण मुख्य मालिकेत ती मारामारी आहे आणि स्पायडर-मॅनमध्ये ती दोन माणसांची फारकत आहे. ५३७ मध्ये कॅप पीटरला एक लांब उत्तर देतो, ते पान लोक आजही शेअर करतात, शक्यतो ते कुठेही आधी न बघता इथेच वाचा. मग आयर्न मॅन/कॅप्टन अमेरिका: कॅज्युअल्टीज ऑफ वॉर हा वन-शॉट. जुन्या ॲव्हेंजर्स मॅन्शनच्या पडक्या भिंतींमध्ये दोघं एकमेकांसमोर येतात आणि बोलतात, खूप बोलतात, वर्षानुवर्षांची मैत्री काढून बोलतात. बऱ्याच याद्यांमध्ये याला ऐच्छिक म्हटलेलं असतं, मला ते अजिबात पटत नाही. मुख्य मालिकेत या दोघांच्या दोस्तीला जागाच मिळालेली नाही, आणि ती कळल्याशिवाय शेवटची लढाई नुसती धक्काबुक्की वाटते.

सिव्हिल वॉर ६ आणि ७ सलग. मग स्पायडर-मॅन ५३८. तो ७ च्या आधी ठेवणाऱ्या याद्या आहेत कारण त्यातला बराच भाग त्याच लढाईच्या वेळचा आहे, पण त्याचं शेवटचं पान हे युद्ध संपल्यानंतरच्या शांततेत वाचलं की जास्त लागतं, म्हणून नंतर.

त्यानंतर कॅप्टन अमेरिका २५, मार्च २००७, सात नंबरनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी आलेला. याच्याबद्दल काही शोधू नका, नाव टाईप केलं तरी सर्च स्वतःहून सगळं सांगून टाकतं. एड ब्रुबेकर त्याआधी दोन वर्षं ती मालिका लिहीत होता त्यामुळे काही पात्रं नवखी वाटतील, चालेल, गोष्ट पोचते. आणि मग सिव्हिल वॉर: द कन्फेशन, लेखक बेंडिस आणि चित्रकार मॅलीव्ह यांचा वन-शॉट. हा २५ च्या आधी चुकूनही नको. यात टोनीची बाजू आहे, पूर्ण इव्हेंटभर त्याच्यावर चिडलेला वाचक इथे त्याच्याकडे परत एकदा बघतो. पहिली फेरी संपली.

दुसरी फेरी

दुसऱ्या फेरीत फ्रंट लाइनचे अकरा अंक, पॉल जेनकिन्सने लिहिलेले. बेन युरिक आणि सॅली फ्लॉइड हे दोन पत्रकार, एक एका बाजूच्या पेपरचा, दुसरी दुसऱ्या, आणि युद्ध रस्त्यावरून कसं दिसतं याची गोष्ट. त्याच अंकांमध्ये स्टॅमफर्डमधून वाचलेल्या स्पीडबॉलवरच्या खटल्याचा धागा वेगळा चालू असतो आणि तो माझ्या मते मुख्य कथेपेक्षाही धाडसी आहे, सगळा दोष एकाच पोरावर लोटला जातो आणि तो नाव नोंदवायला तयार होत नाही. कणा वाचून झालेला असल्यामुळे आता फ्रंट लाइन एका दमात वाचता येतं. शेवटचे दोन अंक, १० आणि ११, हे तर ७ च्या आधी कुणीच वाचू नयेत. ११ मध्ये कॅपची मुलाखत आहे, त्यातल्या प्रश्नांवर लोक अजून भांडतात, मलाही ती मुलाखत कॅपवर अन्याय करणारी वाटते, पण वाचा आणि तुमचं ठरवा.

फँटॅस्टिक फोर ५३८ ते ५४३ पण याच फेरीत. घरातल्या घरात पडलेली फूट, नवरा एका बाजूला, बायको आणि मेहुणा दुसऱ्या, आणि टीममधला चौथा, बेन ग्रिम, त्याचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, रीड या कायद्याच्या बाजूने का उभा राहतो याचं एक कारण ५४० मध्ये मिळतं आणि ५४२ मध्ये वेगळंच मिळतं. तुमचं वाचायचं चुकलेलं नाही, मधे लेखक बदललाय, स्ट्रॅझिन्स्की गेला आणि ड्वेन मॅकडफी आला. तसंच कायद्याचंही आहे, कुठे नाव नोंदवून घरी बसता येतं असं वाटतं, कुठे शक्ती असली की भरतीच, प्रत्येक मालिकेत नियम थोडे वेगळे दिसतात. जोडायचा प्रयत्न करू नका, कण्यात जे आहे ते धरा. ५४३ मात्र ७ नंतरचा आहे.

कॅप्टन अमेरिका २२ ते २४ पण इथेच, आणि ते वाचून २५ परत एकदा वाचा. न्यू ॲव्हेंजर्सचे उरलेले २३, २४, २५ हे प्रत्येकी एका पात्रावरचे स्वतंत्र अंक आहेत, स्पायडर-वुमन, सेंट्री आणि आयर्न मॅन, क्रमाची काळजी नको.

तिसरी फेरी

इथे यादी नको, ज्याचं पात्र आवडतं ते घ्या. नायट्रोचं पुढे काय झालं हा प्रश्न मुख्य मालिका सोडून देते, त्याचं उत्तर वुल्व्हरिन ४२ ते ४७ मध्ये आहे, तो एकटाच त्याच्या मागावर निघतो आणि वाटेत कळतं की स्फोटामागे पैशांचा धंदा होता. हुंबेर्तो रामोसची चित्रं सगळ्यांना आवडतात असं नाही, मला आवडतात. पनिशर वॉर जर्नल १ ते ३ छान आहे, ७ नंतर सलग वाचा. हलकंफुलकं हवं असेल तर केबल अँड डेडपूल ३० ते ३२. ब्लॅक पँथरमध्ये १८ व्या अंकात टी'चाला (म्हणजे ब्लॅक पँथर) आणि एक्स-मेनमधली स्टॉर्म यांचं लग्न आहे, त्याला कॅप आणि टोनी दोघंही हजर असतात, आणि २१ ते २५ मध्ये ते नवं जोडपं या भांडणाकडे बाहेरच्या देशाचे राजा-राणी म्हणून बघतं, ही नजर दुसरीकडे कुठे मिळत नाही. यंग ॲव्हेंजर्स आणि रनअवेजची चार अंकांची मालिका त्या पोरांवर प्रेम असेल तर. सिव्हिल वॉर: एक्स-मेन हे हाउस ऑफ एम वाचलेल्यांसाठी. सिव्हिल वॉर: द रिटर्न हा वन-शॉट मी कुणालाच सुचवत नाही, या कथेशी त्याचा संबंध नावापुरता आहे.

अंतराळातलं अ‍ॅनायहिलेशन याच काळात चालू होतं पण त्याचा इथे काही संबंध नाही, एवढंच की न्यू वॉरियर्समध्ये नोव्हा का नव्हता त्याचं उत्तर तिकडे आहे. स्वतंत्र वाचा, फार सुंदर आहे.

पुढे जायचं असेल तर

२००७ च्या अंकांच्या कव्हरवर "द इनिशिएटिव्ह" असं लिहिलेलं दिसलं की समजायचं हे युद्धानंतरचं आहे. त्यात आधी फॉलन सन, पाच अंक, कॅप्टन अमेरिका २५ नंतर लगेच. मग दोन वाटा आहेत, जिंकलेल्यांचं बघायचं तर माइटी ॲव्हेंजर्स आणि ॲव्हेंजर्स: द इनिशिएटिव्ह, हरलेल्यांचं बघायचं तर न्यू ॲव्हेंजर्स २७ पासून. थंडरबोल्ट्स ११० पासून वॉरेन एलिस लिहायला लागतो, तिथे सरकारने पाळलेले खुनी नोंदणी न केलेल्या हिरोंची शिकार करतात, आणि ते वाचण्याआधी फ्रंट लाइनमधला स्पीडबॉलचा धागा वाचलेला हवाच. हल्कवाल्यांनी प्लॅनेट हल्क पूर्ण करून मग वर्ल्ड वॉर हल्कच्या पाच अंकांना हात घालावा, इल्युमिनाटीच्या त्या खोलीत ठरलेल्या गोष्टीचा हिशोब मागायला तो परत येतो तो तिथे.